चतुःसीमा

पूर्वेला खवश्यांचा धुरा, पश्चिमेला नाला,
उत्तरेला जंगलखात्याचे दगड,
दक्षिणेला पांदण.
नीळकंठ दलालानं कागदावर एवढंच लिहिलं
आणि खाली: गोठे दोन, विहीर एक, बाकी पडीत.

बाकी पडीत म्हणजे ही टेकाडं,
रवंथ करत बसलेल्या कळपासारखी
एकामागे एक, पार आर्वीच्या रस्त्यापर्यंत.
पवना कमरेइतका वाढतो तिथे.
कार्तिकात लुगड्याच्या काठाला कुसळं घेऊन मी घरी येते,
रात्री दिव्याशी बसून एकेक उपटते.
तेही पडीतच धरा.

अमरावतीचे टेंभेकर डॉक्टर गाडीतून उतरले
ते पांढरे बूट जपत.
"गाई किती?"
गवळाऊ एकोणीस. सहा दुभत्या,
सातवी आज-उद्या.
बकऱ्या मोजायच्या तर दिवस बुडताना या,
आता त्या वर आहेत, आणि बोकड कोणाचं ऐकत नाही.
"आणि ही सरळ पट्टी? रस्ता का?"

दौलत असता तर तोच बोलला असता.
माझा भाऊ. पंचवीस वर्षं जोडी हाकली,
आता वर्ध्याला लेकीकडे खुर्चीत, कमरेत लोखंड.
म्हटलं, पट आहे. शंकरपटाचा.
"लांबी किती?"
फूट मला ठाऊक नाही, डॉक्टर.
आठ सेकंद बावीस.

घड्याळ माझ्या हातात असायचं.
बाईनं पटावर उभं राहू नये, लोक म्हणायचे,
पण माझा अंगठा खोटं बोलत नव्हता,
दौलतसाठीसुद्धा नाही.
एकदा तो हरला या अंगठ्यानं.
दोन दिवस जेवला नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाला, वाढ.
बंदीच्या वर्षांतही पहाटे जोडी बाहेर काढायचा.
माणसं नाहीत, हलगी नाही, फक्त मी टोकाला,
आणि धुळीतून येणारा काजळ्या,
डोळ्यांभोवती जन्माचीच काळी कड,
शेजारी बाऱ्या, कायम अर्धं पाऊल मागे.

डॉक्टरांना इथे राहुट्या ठोकायच्या आहेत.
शहरातली माणसं आणायची, निजवायची,
सकाळी धार काढून दाखवायची.
वाईट काय त्यात? गाई राहतील.
मी दर थोडा उतरवलासुद्धा.

मग त्यांनी पाणाड्या आणला.
सुदाम, अनवाणी, तळहातावर नारळ आडवा.
नाल्याकाठी नारळ झोपलेला.
गोठ्यामागे झोपलेला.
बेहड्याखाली जरासा हलला, पुन्हा झोपला.
पटावरून चालत चालत
सुदाम झेंडीच्या टोकाला आला
आणि नारळ ताडकन उभा.

"इथंच," तो म्हणाला. "दीडशे फुटावर. लय पानी हाये."

डॉक्टरांनी चुन्याची मूठ टाकली.
त्या चुन्याखाली काय आहे
ते मला ठाऊक, दौलतला ठाऊक,
आणि खड्डा खणणाऱ्या दोघांना.
तीन पोती मीठ. नवी झूल.
शिंगांचं बेगड तसंच ठेवलेलं.
तोंड पटाकडे केलं होतं आम्ही,
जड होता, चार वेळा फिरवावा लागला.
सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही.

"पानी लागन," मी म्हटलं,
"पन खारं निंगन."
"कशावरून?"
"आमचंच मीठ हाये बाप्पा, खाली."

दलाल त्यांच्या कानाशी पुटपुटला,
बुढी भाव वाढवून रायली.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
चुन्यावरचा बूट
हळूच मागे घेऊन उभे राहिले.

गोठ्यात बाऱ्या उठला असावा, घंटी वाजली.
तो विकायचा नाही, एवढं लिहून घ्या.
चतुःसीमेत बसत नसेल
तर समासात.